राऊटर गिगाबिटचा, लाइन १ जीबीपीएसची. मग रात्री ९ वाजता ४२० वर का अडते?

पैनगंगा_फायबर

नमस्कार मंडळी. उमरखेड तालुक्यात, पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर चार गावांत आमचं केबल आणि फायबरचं काम आहे. केबल टीव्ही वडिलांनी सुरू केला, इंटरनेट मी आणलं. आज २८६ कनेक्शन आहेत. ४०, ६० आणि १०० एमबीपीएस असे तीन प्लॅन. वरच्या प्रोव्हायडरकडून १ जीबीपीएसची, म्हणजे १००० एमबीपीएसची, लीज लाइन घेतली आहे.

अडचण अशी आहे. संध्याकाळी साडेसातपर्यंत सगळं सुरळीत. आठनंतर ग्राफ चढत जातो आणि ४१० ते ४३० एमबीपीएसच्या मध्ये सपाट होतो, वरून फळी ठोकल्यासारखा. साडेदहाला आपोआप उतरतो. त्या वेळात राऊटरचा सीपीयू १०० टक्के. प्रोव्हायडरचा माणूस येऊन गेला. त्याने लाइन थेट लॅपटॉपला लावली तर ९४० आले. म्हणजे लाइन पूर्ण मिळते. आणि माझ्या राऊटरच्या खोक्यावर पाचही पोर्ट गिगाबिट लिहिलेले आहेत.

नागपुरात विचारलं तर दुकानदार म्हणाला, १० जीबीपीएसचा घ्या. किंमत लाखाच्या वर. नांदेडच्या दुकानात सांगितलं, एवढा नको, आहे त्याचाच मोठा भाऊ घ्या, त्यात रॅम जास्त आहे.

लाइन स्पीड, वायर स्पीड, थ्रूपुट हे शब्द जो तो आपापल्या अर्थाने वापरतो. राऊटर घेताना यातला कोणता आकडा पाहायचा? १ जीबीपीएसच्या लाइनला १० चा राऊटर खरंच लागतो का? पैसे पतसंस्थेच्या कर्जाचे आहेत, आणि रात्री ९ ला ज्यांचे फोन येतात ती सगळी ओळखीची माणसं आहेत. चुकीची वस्तू घ्यायची नाही.

वऱ्हाडी_वायरमन

लॅपटॉपवर ९४० येते म्हणजे लाइन चोख हाय. लाखाचा डबा घ्यायची घाई नोका करू भाऊ. थांबा, जाणकार लोक येऊन राहिले असतीन. तवरक मी चहा मांडतो.

निवृत्त_टेलिकॉम

मी खात्यात तीस वर्षं काढली, तेव्हा शब्दांपासून सुरू करतो.

लाइन स्पीड म्हणजे तारेवरून किंवा फायबरवरून एका सेकंदात किती बिट धावतात तो आकडा. ते सगळे बिट ग्राहकाच्या कामाचे नसतात. आमच्या वेळी ई-१ लाइन असायची, २.०४८ एमबीपीएसची. तिच्यात ६४ केबीपीएसचे ३२ कप्पे. पहिला कप्पा दोन्ही टोकांचा ताल जुळवण्यासाठी राखलेला, आवाजाच्या लाइनवर आणखी एक सिग्नलिंगला जायचा, म्हणून फोन ३०च चालायचे. लाइन ३२ कप्प्यांची, उपयोग ३० चा. त्यात कोणी कोणाला फसवत नव्हतं, व्यवस्थाच तशी होती.

आजही तेच आहे. तुमच्या फायबरला जे एसएफपी मॉड्यूल (पोर्टात खोचायचा छोटा तुकडा) लावलं असेल त्यावर १.२५ जी लिहिलेलं दिसेल. अनेक ऑपरेटरांना वाटतं की १ ऐवजी सव्वा जीबीपीएस मिळेल. तसं नाही. गिगाबिट फायबरवर प्रत्येक ८ बिटांसाठी १० बिट पाठवतात, म्हणजे काचेवरून १.२५ धावतं तेव्हा तुमचा १ पोचतो. ओएलटी म्हणजे ज्या पेटीतून घराघरांत फायबर जातं ती; ईपॉन पद्धतीच्या ओएलटीचंही असंच. १० जीबीपीएसच्या मॉड्यूलवर १०.३ लिहितात, तिथे ६४ बिटांसाठी ६६ जातात.

माहिती छोट्या तुकड्यांत जाते, त्यांना पॅकेट म्हणतात. त्या १ जीबीपीएसमधूनही प्रत्येक पॅकेटचं पाकीट, पत्ता आणि दोन पॅकेटांमधली मोकळी जागा वजा होते. म्हणून लॅपटॉपवर ९४०. हा प्रत्यक्ष हाती लागणारा वेग म्हणजे थ्रूपुट. हे पूर्ण माप आहे. ६० कुठे गेले म्हणून प्रोव्हायडरशी भांडू नका.

संत्राबाग

वरूडहून लिहितो. मी नुसता ग्राहक आहे, पण माझाही प्रश्न यातच बसेल. माझा प्लॅन १५० चा, संगणकावर कधीही ९४ च्या वर जात नाही. ऑपरेटर म्हणतो लाइन बरोबर आहे. आणि डाउनलोड करताना तर ११ च दिसतात!

वऱ्हाडी_वायरमन

संत्राबाग भाऊ, ते ११ एमबी बाइटचे हायेत. ८ बिट म्हणजे १ बाइट. ९४ ले ८ नं भागा, पावणेबारा. म्हणजे ११ बरोबर हाय.

आन ९४ वर अडकते म्हंजे कुठंतरी १०० चा पोर्ट बसला हाय. मोडेमच्या मांगचा पोर्ट फास्ट इथरनेट असन, नाईतं मधात एखादी तार अशी असन जिच्या चारपैकी दोनच जोड्या लागल्या. १०० ले दोन जोड्या पुरतात, गिगाबिटले चारही पाहिजेत. आमच्याइकडे एकच केबल चिरून दोन घरांत देणारे लोक हायेत. अर्धी तुमाले, अर्धी शेजाऱ्याले.

संत्राबाग

केबल पाहिली. तपकिरी आणि निळी जोडी नुसतीच कापून सोडलेली आहे! दोन वर्षं मी १५० चे पैसे देतोय. उद्याच नवीन टोकं लावून घेतो.

सातपुडा_नेट

परतवाड्यात एका प्रोव्हायडरकडे नेटवर्कचं काम बघतो. पैनगंगा भाऊ, तुमच्या मूळ प्रश्नावर येतो. थोडं लांब होईल, पण कर्ज काढून घेताय तर पूर्ण वाचा.

निवृत्त सरांनी सांगितलं तो लाइनचा वेग. राऊटरचा वेग वेगळी गोष्ट आहे. पोर्ट गिगाबिटचा आहे याचा अर्थ त्या दारातून सेकंदाला १ गिगाबिट आत येऊ शकतं, एवढाच. आत आलेल्या प्रत्येक पॅकेटचं राऊटरला काम करावं लागतं: पत्ता वाचायचा, फायरवॉलचे नियम तपासायचे, नॅट (अनेक घरांनी बाहेरचा एकच पत्ता वापरायची सोय) असेल तर पत्ता बदलायचा, कोणत्या ग्राहकाचं ते ओळखून त्याच्या प्लॅनच्या रांगेत घालायचं. ही मेहनत पॅकेट लहान असो वा मोठं, जवळपास सारखीच. म्हणून राऊटर मोजायचा तो बिटांत नाही, दर सेकंदाला किती पॅकेटं उरकतो त्यात.

आता गणित. सगळ्यात लहान इथरनेट फ्रेम, म्हणजे तारेवरचं पॅकेट, ६४ बाइटची. तारेवर तिच्यामागे आणखी २० बाइट जातात, म्हणजे ८४. १ जीबीपीएस पूर्ण भरायला अशी सुमारे १४ लाख ८८ हजार पॅकेटं लागतात, दर सेकंदाला. तेच पॅकेट १५१८ बाइटचं असेल तर फक्त ८१ हजार. लाइन तीच, वेग तोच, काम अठरापट कमीजास्त. वायर स्पीड हा शब्द खरा कधी? १४ लाख ८८ हजारांचा मारा झाला तरी एकही पॅकेट पडत नाही तेव्हा. विकणारे मात्र मोठ्या पॅकेटवर, सगळी कामं बंद ठेवून मोजतात आणि तोच आकडा खोक्यावर छापतात.

दुसरी गोष्ट, जाणं आणि येणं दोन्ही मिळवून सांगायची पद्धत. पाच पोर्टचा गिगाबिट स्विच घ्या, त्यावर १० जीबीपीएस क्षमता लिहिलेली असते. पाच पोर्ट गुणिले दोन दिशा. खोटं नाही, पण तुमच्या कामाचंही नाही.

गावाकडच्या ऑपरेटरांकडे बहुतेक मायक्रोटिक कंपनीचा राऊटर असतो. त्यांच्या संकेतस्थळावर प्रत्येक मॉडेलच्या पानावर चाचणीचा तक्ता दिलेला असतो. ६४, ५१२ आणि १५१८ बाइट असे तीन मापांचे रकाने. आणि ओळीत काहीच काम नसताना, २५ रांगा असताना, २५ फायरवॉल नियम असताना, असे निकाल. दुकानदार पहिली ओळ आणि १५१८ चा रकाना दाखवतो. तुम्ही २५ रांगांची ओळ आणि ५१२ चा रकाना बघा. तिथे समजा सेकंदाला १ लाख पॅकेटं लिहिली असतील तर १ लाख गुणिले ५१२ गुणिले ८, म्हणजे ४१० एमबीपीएस. तुमचा ग्राफ कुठे सपाट होतो म्हणालात?

पैनगंगा_फायबर

४१० ते ४३०. सर, अंगावर काटा आला वाचून.

कापूस_काटा

सातपुडा भाऊंनी सांगितलं ते माझ्या डोक्यात असं बसलं. आमच्या हिंगणघाटच्या बाजारात हंगामात कापसाच्या गाड्या येतात. रस्ता चौपदरी केला तरी काट्यावरचा बाबू प्रत्येक गाडीमागे एक पावती फाडतो. गाडीत २ क्विंटल असो की २०, पावतीला वेळ तेवढाच. सगळे ट्रॅक्टर भरून आले तर दिवसाला शेकडो क्विंटल उरकतात. सगळे दोन-दोन बोचकी घेऊन आले तर रस्ता मोकळा असूनही रांग वेशीपर्यंत. तुमचा राऊटर म्हणजे तो पावतीवाला बाबू. नांदेडवाले त्याला मोठं टेबल देऊन राहिले, नागपूरवाले रस्ता आठपदरी करून राहिले. तुम्हाला पाहिजे हात चालवणारा बाबू.

सातपुडा_नेट

कापूस भाऊ, ही उपमा मी आमच्या नव्या मुलांना शिकवताना वापरणार.

नागपूर_सर्व्हर

माझं मत वेगळं आहे. हे डबे घेऊच नका. जुना सर्व्हर मिळतो, त्यात चांगलं नेटवर्क कार्ड टाका आणि लिनक्सवर किंवा राऊटरच्या सॉफ्टवेअरवर चालवा. त्याच पैशात कितीतरी जास्त पॅकेटं उरकतील. आमच्याकडे दोन वर्षांपासून तसंच चालू आहे.

झाडीपट्टी_केबल

नागपूर भाऊ, तुमच्या एसीच्या खोलीत चालतो जी. माझी कंट्रोल रूम साकोलीजवळ टिनाच्या छताखाली आहे. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस, आत त्याहून जास्त. सर्व्हरचे पंखे धूळ ओढतात, हार्डडिस्क बसते. आणि लाइट गेली की सर्व्हर इन्व्हर्टर लवकर संपवतो. मी डीसीवर चालणारा बिनपंख्याचा राऊटर घेतला, बॅटरीवर थेट लावला. इन्व्हर्टरमधून एसी करायचं, ॲडॉप्टरमधून पुन्हा डीसी करायचं, हे दोनदाचं नुकसान वाचलं. पहिल्यापेक्षा किती तरी जास्त वेळ चालतो. गावात राऊटर घेताना पॅकेटांच्या खाली लगेच तापमान आणि व्होल्टेजचा आकडा वाचा. किती अंशांपर्यंत चालतो ते कंपनी लिहून देते.

नागपूर_सर्व्हर

गरमीचा मुद्दा मान्य. माझ्याकडे एसी आहे, हे मी लिहायला पाहिजे होतं.

वानरसेना_त्रस्त

पॅकेटाचं जाऊ द्या. आमच्या गावात वानरं फायबरवर झुलतात. परवा एका पिल्लानं पोलवरचा डबा उघडून आतले सगळे पिगटेल (फायबरची जोडटोकं) उपटले. आता सांगा, वानराची लाइन स्पीड किती धरायची?

कापूस_काटा

हनुमानाचा वेग कोणी मोजला नाही भाऊ, एका उडीत समुद्र ओलांडला. तुमच्या पिल्लाचा तर घरचा सराव आहे.

झाडीपट्टी_केबल

वानरं परवडली. रस्त्याचं काम निघालं की जेसीबी एका दिवसात तीन ठिकाणी तोडतो. आणि काळ्या मातीत पुरलेली नळी उन्हाळ्यात भेगांनी ओढली जाते, पावसाळ्यात माती फुगून दाबली जाते. वाळूचा थर दिल्याशिवाय पुरू नका.

मेळघाट_मास्तर

धारणीकडच्या एका शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे अजून फायबर नाही, टेकडीवरून रेडिओने इंटरनेट येतं. रेडिओवर ३०० एमबीपीएस लिंक दिसते आणि शाळेत शंभर-सव्वाशे येतात. मला वाटायचं ऑपरेटर मधले खातो. आता समजलं की तो हवेतला लाइन स्पीड आहे. रेडिओ एका वेळी एकच बोलतो, दुसरा ऐकतो, आणि त्यात पुन्हा पोच द्यायचा वेळ जातो. निम्म्याहून कमी हाती लागणं साहजिक आहे.

एक गोष्ट मात्र आम्हालाच कळली. उन्हाळ्यात लिंक मस्त असते, जुलैपासून खराब होते. सगळे म्हणायचे पावसामुळे. पाऊस नसलेल्या दिवशीही तेच. शेवटी लक्षात आलं, मधे सागाची झाडं आहेत. उन्हाळ्यात पानं गळून जंगल उघडं पडतं, पावसाळा लागला की हातभर पानं येतात, ओली. ५ गिगाहर्ट्झची लहर तिथेच मरते. मुलांना घेऊन गेलो, खांब आठ फुटांनी उंच केला, लिंक वर्षभर एकसारखी झाली. सहावीच्या मुलांना त्या दिवशी विज्ञान शिकवावं लागलं नाही.

सातपुडा_नेट

मास्तर, फार मोलाचं लिहिलंत. आमच्याही दोन टेकड्यांवर हेच असणार. या उन्हाळ्यात बघतोच.

सेतू_ताई

मी दिग्रसजवळ सेवा केंद्र चालवते. तुम्ही सगळे डाउनलोडचं बोलून राहिले. माझ्याकडे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पीक विम्यासाठी रांग लागते. सातबारा, पासबुक, पेरणीचं घोषणापत्र, सगळं वर चढवायचं असतं. स्पीड टेस्ट केली तर ५० दाखवते, आणि पोर्टल मात्र मधेच सत्र संपलं म्हणून बाहेर काढते. शेतकरी सकाळपासून उपाशी उभा असतो. त्याला मी काय सांगू, की स्पीड तर ५० आहे? मला ५० नको, १० द्या, पण तुटू देऊ नका. पैनगंगा भाऊ, राऊटर घेताना आमचाही विचार करा.

सातपुडा_नेट

ताई, तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. तुमच्या केंद्रात कोणी फोटो वर चढवत असतो, अपलोड भरून जातो, आणि पोर्टलची छोटी पॅकेटं त्या मोठ्या फायलींमागे रांगेत अडकतात. बऱ्याच राऊटरमधली रांग इतकी लांब असते की पॅकेट पडत नाही, पण सेकंदभर उशिरा पोचतं. तिकडचं पोर्टल वाट पाहून दार लावून घेतं. स्पीड टेस्टला हे दिसत नाही.

यावर उपाय आहे: रांग शहाणी करायची. मायक्रोटिकच्या सातव्या आवृत्तीत एफक्यू-कोडेल आणि केक हे दोन प्रकार आले आहेत. ते एकाच्या मोठ्या फाइलमागे दुसऱ्याचं छोटं पॅकेट अडकू देत नाहीत. पण त्यालाही सीपीयू लागतो. म्हणून पैनगंगा भाऊ, राऊटर निम्मा रिकामा राहील असा घ्या. काठोकाठ भरलेल्या राऊटरला शहाणपण परवडत नाही.

निवृत्त_टेलिकॉम

ताईंनी आठवण करून दिली. सरकारी व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँड म्हणजे २००४ च्या धोरणात किमान २५६ केबीपीएस होतं, मग ५१२ झालं, आणि जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस. तीनही वेळा मोजलं ते डाउनलोड. तांब्याच्या टेलिफोन तारेवरून इंटरनेट यायचं त्या काळात अपलोड मुद्दाम लहान ठेवलेलं असायचं. एडीएसएल २ प्लसमध्ये खाली २४ एमबीपीएसपर्यंत, वर जेमतेम १ च्या आसपास. तेही एक्स्चेंजच्या जवळ. पाच किलोमीटरवरच्या गावाला एक-दोन मिळाले तरी पुष्कळ. लोक तेव्हा इंटरनेटवरून फक्त घेत होते. आता शेतकऱ्याला ई-पीक पाहणीचा फोटो शेतातून द्यावा लागतो. फायबरवाल्यांनी अपलोड डाउनलोडइतकंच द्यावं असं माझं ठाम मत आहे.

पैनगंगा_फायबर

मंडळी, आठवडाभर तुम्ही सांगितलं ते करत होतो. आकडे देतो.

आधी जुन्याच राऊटरवर. फायरवॉलमध्ये ६१ नियम निघाले, व्हिडिओ पाहून टाकलेले. प्रत्येक पॅकेट ६१ पायऱ्या चढत होतं. आधीच सुरू असलेल्या जोडण्यांना पहिल्याच नियमात सोडून दिलं आणि फालतू ४० काढले. त्याच रात्री ४२० चे ५०५ झाले. एक रुपया खर्च न करता.

मग पुसदच्या मित्राकडून त्याचा शिल्लक राऊटर दोन दिवसांसाठी आणला आणि दोन गावं त्यावर टाकली, म्हणजे खरी मागणी किती ते कळेल. दोन्ही मिळून रात्री सव्वानऊला ६४० पर्यंत गेले, सीपीयू कुठेच अडला नाही. ६४० भागिले २८६ म्हणजे कनेक्शनमागे सव्वादोन एमबीपीएस. मी सगळ्या प्लॅनची बेरीज करून घाबरलो होतो, ती साडेसतरा हजार एमबीपीएसच्या वर जात होती!

पॅकेटंही मोजली. डाउनलोड ५९० एमबीपीएस, ६२ हजार पॅकेटं. अपलोड ५० एमबीपीएस, पण ४० हजार पॅकेटं.

सातपुडा_नेट

शाब्बास. बघा, डाउनलोडचं सरासरी पॅकेट ११९० बाइटचं, अपलोडचं १५६ चं. अपलोडमध्ये बहुतेक 'मिळालं, मिळालं' अशा पोचपावत्या आहेत. वेग ५० चा, पण बाबूला ४० हजार पावत्या फाडाव्या लागतात. दोन्ही मिळून सरासरी ७८४ बाइट. याच हिशोबाने दोन्ही दिशा मिळून १ जीबीपीएस भरले तर सेकंदाला १ लाख ६० हजार पॅकेटं.

म्हणून तक्त्यात २५ रांगांच्या ओळीत ५१२ च्या रकान्यात किमान सव्वातीन लाख असलेला राऊटर शोधा. दुप्पट का, तर त्या तक्त्यात नॅट नाही, पीपीपीओई (ग्राहकाचं लॉगिन) नाही. तुमच्याकडे दोन्ही आहेत. आणि नवीन राऊटरवर प्रत्येक कोअरचा, म्हणजे सीपीयूच्या आतल्या एकेका प्रोसेसरचा, भार वेगवेगळा बघा. चारपैकी एक कोअर १०० वर आणि बाकीचे झोपलेले असतील तर एकूण सीपीयू २५ टक्के दिसेल आणि तुम्ही बेसावध राहाल.

झाडीपट्टी_केबल

पैनगंगा भाऊ, एक विचारतो. ओएलटीचा वरचा पोर्ट कोणता आहे? मी हेच केलं होतं जी. मोठा राऊटर घेतला, दीड जीबीपीएस लाइन केली, आणि ग्राफ ९४० वर सपाट. दोन दिवस राऊटर उघडून बसलो. शेवटी कळलं, राऊटरपासून ओएलटीला जाणारा पोर्टच १ जीबीपीएसचा. राऊटर निर्दोष होता, मी उगाच त्याला शिव्या दिल्या.

पैनगंगा_फायबर

आत्ता जाऊन पाहिलं. दोन ओएलटी आहेत. एकाला १० चा पोर्ट आहे, रिकामा. लाइन १ च्या पोर्टवर लावलेली. दुसऱ्याला १ चाच आहे. दोन्ही जीपॉन आहेत, म्हणजे ईपॉनसारख्याच दुसऱ्या पद्धतीचे.

निवृत्त_टेलिकॉम

मग जीपॉनचाही हिशोब ठेवा. एका पॉन पोर्टवर, म्हणजे ओएलटीच्या घरांकडे जाणाऱ्या पोर्टवर, खाली २.४८८ आणि वर १.२४४ जीबीपीएस, ते त्या पोर्टवरच्या सगळ्या घरांत वाटलं जातं. ६४ घरं असतील तरी खाली घरामागे ३८ च्या वर येतात. तुमची सव्वादोनची मागणी बघता अजून कित्येक वर्षं पॉनची काळजी नको.

वऱ्हाडी_वायरमन

आन जे कायी घ्यान, राऊटर ते ओएलटी तार तांब्याची नोका ठेवू. फायबर टाका, दोन फुटाची असली तरी. गच्चीवरून लॅनची केबल वढली की जूनची पयली वीज तिच्यातूनच घरात येते. मागच्या साली माह्या हातचे नऊ पोर्ट जळाले, सगळे लॅन केबलवाले. फायबरवाला एकबी नाई.

नागपूर_सर्व्हर

तरीही विचारतो, १० चा पोर्ट असलेलाच का घेऊ नये? उद्या लाइन २ जीबीपीएस केली तर?

सातपुडा_नेट

पोर्ट १० चा असू द्या, त्याला विरोध नाहीच. नुसता पोर्ट बघून घेऊ नका, एवढंच. १० चे दोन पोर्ट लावलेला पण रांगा चालू केल्यावर मोजकंच उरकणारा राऊटर बाजारात आहे, आणि गिगाबिटचेच पोर्ट असलेला दमदारही आहे. आधी पॅकेटं, मग पोर्ट.

पैनगंगा_फायबर

ठरलं. तक्ते समोर ठेवून चार मॉडेल तपासले. नागपूरच्या दुकानदाराने सांगितलेला पहिल्या ओळीत सगळ्यात पुढे होता, रांगांच्या ओळीत तिसरा. मी घेतोय त्याला १० चे दोन फायबर पोर्ट आहेत, डीसीवर चालतो, ६० अंशांपर्यंतची हमी आहे आणि रांगांसह चार लाखांच्या वर पॅकेटं उरकतो. किंमत पहिल्या भावाच्या निम्म्याहून थोडी जास्त. लाइन १ जीबीपीएसचीच ठेवतोय. ४०० कनेक्शनपर्यंत ती पुरेल असा हिशोब निघतो. वाचलेल्या पैशातून एक बॅटरी आणि फायबरचे पॅच कॉर्ड.

निवृत्त सरांचं अपलोडचं मनावर घेतलं. या महिन्यापासून तिन्ही प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडइतकंच.

सेतू ताई, राऊटर बदलायला तासभर बंद ठेवावं लागेल. आमच्याही गावात दोन सेवा केंद्रं आहेत. त्यांना कोणत्या दिवशी त्रास होणार नाही?

सेतू_ताई

३१ जुलै जाऊ द्या भाऊ. बहुतेक तीच शेवटची तारीख असते, आणि मुदत वाढली तर तेही बघून घ्या. नंतरच्या रविवारी पहाटे करा. चारला सुरू केलं तर सहाला दूध संकलनाचं मशीन लागायच्या आत होईल. आणि दोन्ही केंद्रांच्या लोकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा.

वऱ्हाडी_वायरमन

पहाटे चारले कोणी हाताखाली पाहिजे असन तं सांगजा. उमरखेडले माह्या मावशीचं घर हाय, शनिवारीच येतो. क्रिम्पिंगचं मशीन आन टेस्टर माह्याजवळ हाय.